हेअर ट्रान्सप्लांट झालंय, आज पाचवा दिवस. डोळे सुजलेत, खपल्या धरल्यात. ज्यांनी केलंय त्यांनी प्लीज सांगा

पाऊलवाट, पुणे (दिवस ५, रात्री पावणेदोन)

नमस्कार मंडळी, इथे बरीच वर्षं नुसता वाचक आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय कारण झोप येत नाहीये. गेल्या शनिवारी माझं ट्रान्सप्लांट झालं, एफयूई पद्धतीने, म्हणजे मागचे केस मुळासकट एकेक काढून पुढे लावतात, असे २६०० ग्राफ्ट, सकाळी आठला आत गेलो ते संध्याकाळी सहाला बाहेर. वय ३४, पुढून दोन्ही कोपरे मागे गेले होते आणि मधे पण विरळ झालं होतं. ऑपरेशनचं काही नाही, सुरुवातीची भुलीची इंजेक्शनं सोडली तर फार दुखलं नाही. पण नंतरचं कोणी नीट सांगितलंच नाही. एक छापील कागद हातात दिला, त्यावर बारा ओळी, औषधांची पिशवी, आणि काही वाटलं तर फोन करा म्हणाले. तिसऱ्या दिवशी सकाळी उठलो तर कपाळ पुढे आलेलं, चौथ्या दिवशी सूज डोळ्यांवर उतरली, डावा डोळा जवळजवळ बंद. फोन केला तर रिसेप्शनवरून "सर ते नॉर्मल आहे" एवढंच सांगून ठेवला. नॉर्मल असेलही, पण आधी सांगितलं असतं तर माझी साडेचार वर्षांची मुलगी मला बघून जी रडत सुटली ते तरी टळलं असतं, तिला आधी समजावून ठेवलं असतं ना.

आता मुख्य प्रश्न. आज दुपारी उशीच्या अभ्र्यावर एक बारीक खपली सापडली, तांदळाच्या कणीएवढी, तिच्यात दोन-तीन मिलिमीटरचा एक केस अडकलेला आणि केसाच्या टोकाला पांढुरकं काहीतरी. ती टिश्यूत ठेवलीय आणि दर अर्ध्या तासाने मोबाइलच्या टॉर्चखाली बघतोय. ग्राफ्ट गेला का माझा? शिवाय पहिला वॉश क्लिनिकमध्येच झाला, उद्यापासून घरी करायचाय आणि आमच्या सोसायटीत बोअरचं जड पाणी येतं. आणि आई सारखी म्हणतेय की एवढं कोरडं पडलंय तर खोबरेल लाव थोडं. तिला काय सांगू?

चिंचपोकळी, मुंबई

पहिलं हे सांगा, खपली पडली तिथून रक्त आलं का? अभ्र्यावर ताजा लाल डाग आहे का? नसेल तर झोपा निवांत. माझं दोन वर्षांपूर्वी झालंय, ३१०० ग्राफ्ट, मी पण असंच सगळं टिश्यूत जमवत होतो.

पाऊलवाट

रक्त नाही. अभ्रा कोरडा आहे, फक्त पिवळसर पाण्याचे डाग आहेत मागच्या बाजूला.

चिंचपोकळी

मग ग्राफ्ट नाही गेला. ग्राफ्ट म्हणजे नुसता केस नव्हे, केसाच्या मुळाभोवतीचा मांसाचा बारीकसा तुकडा असतो, तो या दिवसांत उपटून आला तर त्या जागी रक्ताचा थेंब येतोच. खपलीबरोबर केसाची दांडी येते, मूळ आतच राहतं. पिवळं पाणी मागच्या डोनरच्या, म्हणजे जिथून केस काढले त्या बाजूचं आहे, दोन-तीन दिवसांत थांबेल.

रानजाई, ठाणे

मी पेशंट नाही, पेशंटची बायको. नवऱ्याचं मार्चमध्ये झालं आणि पहिले दहा दिवस त्याचे सगळे वॉश मी केले म्हणून हे लिहितेय, कारण कागदावर "हलक्या हाताने धुवा" लिहिलेलं असतं पण हलका हात म्हणजे किती हलका ते कोणी दाखवत नाही.

आम्ही असं करायचो. त्याला बाथरूममध्ये प्लास्टिकच्या खुर्चीत बसवायचं, मान किंचित मागे, कपाळावर हातरुमालाची घडी धरायला लावायची म्हणजे पाणी डोळ्यात जात नाही. शॉवर बंदच, शॉवरचं पाणी जोरात लागतं. आजीचा जुना तांब्या होता काठ बाहेर वळलेला, त्याने पाणी कडेकडेने सोडायचं, चार बोटं उंचीवरून, त्यापेक्षा वरून नाही. कोमट पण नाही, मनगटाच्या आतल्या बाजूला गार-गरम काहीच जाणवू नये असं. बेबी शाम्पू वाटीत पाण्यात फेटून नुसता फेस घ्यायचा आणि तो फेस वर ठेवायचा. ठेवायचा, चोळायचा नाही. पाच मिनिटं. मग परत तांब्या. बोटांची टोकं सहाव्या-सातव्या दिवशी पहिल्यांदा लावली, ती पण फक्त दाबून उचलायची, जशी इडलीच्या पिठावर बोट ठेवून बघतो तशी, गोल गोल फिरवायची नाहीत. नंतर वरच्या भागाला टॉवेल लावायचाच नाही, आपोआप वाळू द्यायचं. मागचा भाग मऊ सुती कापडाने टिपला तर चालतो.

पहिल्या दिवशी माझे हात इतके थरथरत होते की निम्मं पाणी त्याच्या पाठीवर गेलं. तो म्हणाला तू बोलत राहा काहीतरी. मग मी रोज वॉश करताना त्याला दिवसभरात काय झालं ते सांगायचे, ती सवय आम्हाला अजून आहे.

जड पाण्याचं म्हणाल तर पहिले आठ-दहा दिवस आम्ही फिल्टरचं पाणी उकळून गार करून वापरलं, एका वॉशला तीन-चार लिटर लागतं फक्त. क्षाराने खपल्या अजून कडक होतात असं आम्हाला तरी जाणवलं, एक दिवस बोअरचं वापरून बघितलं होतं.

पाऊलवाट

ताई तुमचा प्रतिसाद बायकोला वाचून दाखवला, उद्या तीच करणार आहे. तांब्या आहे घरात.

त्वचा_डॉक, नाशिक

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे, स्वतः ट्रान्सप्लांट करत नाही पण नंतरचे पेशंट बरेच बघते. तुमच्या सर्जनचा सल्ला पहिला, माझं हे सर्वसाधारण.

सूज का येते ते सांगते म्हणजे भीती कमी होईल. बधिर करायला आणि रक्तस्राव कमी व्हायला त्वचेखाली बरंच द्रव सोडलेलं असतं, ते हळूहळू खाली उतरतं, आधी कपाळ मग पापण्या. दुसऱ्या ते पाचव्या दिवसात हे होतं आणि आठवड्याभरात जातं. झोपताना डोकं ४५ अंश वर ठेवा, प्रवासात मानेला लावतात ती उशी घ्या, बर्फाची पिशवी फक्त कपाळावर आणि डोळ्यांच्या कडेला, लावलेल्या भागावर अजिबात नाही. सूज वाढत जाणारी, एकाच बाजूची, गरम, ठणकणारी असेल तर मात्र ती वेगळी गोष्ट.

ग्राफ्टचं. नवीन जागी लावलेल्या मुळाला पहिले दोन-तीन दिवस स्वतःचा रक्तपुरवठाच नसतो, आजूबाजूच्या द्रवावर ते जगतं, मग हळूहळू रक्तवाहिन्या जोडल्या जातात. म्हणून सुरुवातीला दर तासाला सलाईनचा स्प्रे मारायला सांगतात, ०.९ टक्क्यांचं साधं सलाईन, मेडिकलमध्ये मिळतं. २००६ साली बर्नस्टाइन आणि रासमन या अमेरिकन सर्जननी हेच तपासून प्रसिद्ध केलं होतं की ग्राफ्ट कितव्या दिवसापर्यंत निघू शकतो. पहिल्या दोन दिवसांत केस ओढला तर ग्राफ्ट बाहेर येतो. चिकटलेली खपली ओढली तर पाचव्या दिवसापर्यंत नक्की येतो, पुढे धोका कमी होत जातो आणि नवव्या दिवसानंतर राहत नाही. त्यामुळे आज पाचव्या दिवशी कुठलीही खपली नखाने काढायची नाही, कितीही सैल दिसली तरी. दहाव्या दिवसापासून उलट, खपल्या जायलाच हव्यात, राहिल्या तर खाली घाण साठते. फेस दहा मिनिटं ठेवून मऊ करा आणि बोटांच्या पेरांनी हळू फिरवून काढा. चौदाव्या दिवसापर्यंत डोकं स्वच्छ दिसलं पाहिजे.

तेल नको. आईंना सांगा की महिनाभर नाही, जखम उघडी आहे, आणि नंतर पण सर्जनला विचारूनच. कोरडेपणाला तेल हा उपाय नाही, सलाईन हा आहे.

आणि ताप, पू, वाढत जाणारं दुखणं, लावलेल्या भागात त्वचा काळी-निळी पडणं, किंवा औषध घेतल्यावर अंगभर पित्त उठणं, श्वास लागणं, यातलं काहीही झालं तर रिसेप्शनशी बोलत बसू नका, सरळ डॉक्टर गाठा. तुमचे नसतील भेटत तर जवळचं हॉस्पिटल.

सातपुडा, जळगाव

खाजेचं कोणी लिहिलंच नाही. मला सातव्या दिवसापासून अशी खाज सुटली की रात्री हाताला मोजे घालून झोपायचो, खरंच, हिवाळ्यातले लोकरीचे. झोपेत आपोआप हात जातो ना. डॉक्टरांनी ॲलर्जीवर देतात ती गोळी रात्रीची दिली आणि सलाईन फ्रीजमध्ये ठेवून गार मारायला सांगितलं, त्याने बराच फरक पडला. मागच्या बाजूला, जिथून केस काढले तिथे, मुंग्या आल्यासारखं आणि बधिर असं दोन्ही एकदम वाटतं, ते माझं तीन महिने होतं मग गेलं.

टी-शर्ट पण नका घालू दहा दिवस, डोक्यातून काढताना घासतो. पुढे बटणं असलेले शर्ट काढून ठेवा.

अंगणवाट, सोलापूर

माझं वय ४६, शुगर आहे. सूज कमी करायला जी स्टिरॉइडची गोळी चार-पाच दिवस देतात त्याने माझी उपाशीपोटीची शुगर २१० वर गेली. मी सर्जनला डायबेटिस आहे सांगितलं होतं, फॉर्मवर लिहिलं पण होतं, तरी गोळ्यांची पिशवी सगळ्यांना देतात तीच दिली. माझ्या नेहमीच्या डॉक्टरांनी डोस बघून औषध बदललं, रोज घरी तपासायला लावलं, मग आटोक्यात आली. ज्यांना शुगर, बीपी, रक्त पातळ करायची गोळी असं काही चालू आहे त्यांनी आपल्या फॅमिली डॉक्टरांना आधी विचारून, नंतरच्या औषधांची यादी त्यांना दाखवून मगच तारीख घ्या. हे मी कळकळीने सांगतोय.

चिंचपोकळी

+१. आणि मुंबईकरांसाठी, लोकल नको दोन आठवडे. माझं बाराव्या दिवशी दादरला चढताना वरच्या कडीला डोकं लागलं, पुढे हेअरलाइनवर. नशीब तोपर्यंत मुळं धरली होती, पण तिथून घरी येईपर्यंत हात डोक्यावरून काढला नाही मी.

पाऊलवाट (दिवस ८)

सूज गेली. सहाव्या दिवशी सकाळी दोन्ही डोळे उघडले आणि मुलीने स्वतः जवळ येऊन बघितलं, म्हणाली बाबा परत आला. वॉश बायको करतेय तांब्याने. सोमवारपासून ऑफिसला जायचं आहे, रोज बाइकने जातो, हेल्मेटचं काय करायचं?

डोंगरवाट, सातारा

हेल्मेट दोन-तीन आठवडे नाही, आतलं फोम घासतं, घाम येतो, काढताना सगळं ओढलं जातं. आणि हेल्मेट नाही म्हणून बिनहेल्मेटची बाइक चालवायची हे तर अजिबात नाही, हे मुद्दाम लिहितोय कारण माझ्या ओळखीतल्या एकाने तेच केलं. रिक्षा, बस, मित्राची गाडी, काहीही करा. जमलं तर दोन आठवडे घरून काम मागा. मी ऑफिसात खरं सांगितलं, डोक्यावर एक प्रोसिजर झालीय, मॅनेजरने एक शब्द जास्त विचारला नाही.

जिम, पोहणं, ट्रेक यांचं पण बघा. चालणं पहिल्या आठवड्यापासून चालतं, वजनं उचलणं दोन आठवडे नको, माझ्या डॉक्टरांनी तर चार सांगितले. तलाव महिनाभर बंद. उन्हाचं मात्र तीन महिने सांभाळा, नवीन त्वचा पटकन भाजते आणि डाग राहतो. मी सैल सुती टोपी दहाव्या दिवसानंतर वापरली, ती पण डॉक्टरांनी हो म्हटल्यावर. सिगारेट असेल तर सोडाच, निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात आणि आत्ता त्या मुळांना रक्तच हवंय.

वैनगंगा, भंडारा

माझा अनुभव थोडा वेगळा आहे, लिहू की नको विचार करत होतो पण कुणाला कधी वेळ आली तर उपयोगी पडेल.

ट्रान्सप्लांट झालं आणि बरोबर बाराव्या दिवशी बाबा गेले. अचानक. मी थोरला. दहाव्याला क्षौर करायचं म्हणजे डोक्यावरून वस्तरा, आणि माझा तो बाविसावा दिवस. घरात कुणाला माहितीच नव्हतं की मी ट्रान्सप्लांट केलंय, नागपूरला ऑफिसच्या कामाला जातो सांगून केलं होतं, टोपी घालून घरी आलो तेव्हा डोक्यावर फोड आलेत असं सांगितलं होतं. रात्रभर विचार केला. एकीकडे असं वाटायचं की बाप गेलाय आणि मी केसांचा विचार करतोय, लाज वाटायची. शेवटी पहाटे डॉक्टरांना मेसेज केला, त्यांनी लगेच फोन केला. म्हणाले वरच्या भागावर वस्तरा अजिबात नको, मुळं धरलीत पण त्वचा अजून कोवळी आहे, कापलं गेलं तर इन्फेक्शन होईल. मागून आणि बाजूने मशीनने बारीक केलं तर चालेल.

मग काकांना सगळं सांगितलं. आमचे काका तसे फार कडक. ते ऐकत बसले, मग गुरुजींकडे स्वतः गेले आणि विचारून आले. गुरुजी म्हणाले दाढी-मिशी पूर्ण आणि मागचे केस काढा, वर कात्रीने चार केस कापून घ्या, पोचतं. घाटावर नाभिक आले त्यांना काकांनीच सांगितलं की वर वस्तरा लावू नको, पोराचं डोकं दुखतंय. आणि जेवढा वेळ ते काम चाललं होतं तेवढा वेळ काका माझ्या कपाळावर ऊन लागू नये म्हणून उपरणं धरून उभे राहिले.

तर सांगायचं एवढंच की घरात एका माणसाला तरी आधी सांगून ठेवा.

रानजाई

वैनगंगा, काय लिहू, डोळ्यात पाणी आलं. बाबांना नमस्कार.

त्वचा_डॉक

तुमच्या डॉक्टरांनी अगदी योग्य सांगितलं. लावलेल्या भागावर कात्री महिन्याने चालते, वस्तरा निदान तीन महिने नको.

राइनकाठ, कोलोन

मी जर्मनीत असतो, इथल्या अनेकांसारखं मी पण इस्तंबूलला जाऊन केलं, पैशांत खूप फरक पडतो म्हणून. ऑपरेशनबद्दल तक्रार नाही पण तिसऱ्या दिवशी विमानाने परत यायचं हा प्रकार पुन्हा करणार नाही. सिक्युरिटीला सैल टोपी काढायला लावली, विमानात वरच्या कप्प्यात बॅग ठेवणाऱ्या माणसाचं कोपर माझ्या डोक्यापासून वीतभर अंतरावर, आणि कपाळाची सूज घेऊन तीन तास ताठ बसायचं. जाणाऱ्यांनी निदान चार-पाच दिवस तिथे थांबायची तयारी ठेवा आणि सामान फक्त चेक-इनचं घ्या.

दुसरं म्हणजे नंतरचं सगळं व्हॉट्सॲपवर. तिसऱ्या महिन्यात मला वर पुटकुळ्या आल्या, मुरुमासारख्या, काहींच्या तोंडाशी पांढरं. फोटो पाठवला, दोन दिवसांनी उत्तर आलं. तोपर्यंत मी इथल्या त्वचेच्या डॉक्टरांकडे गेलो होतो, त्यांनी सांगितलं नवीन केस बाहेर येताना असं होतं, कोमट पाण्याची पट्टी दिवसातून तीन वेळा, लावायला मलम, आणि फोडू नका. आठवड्यात गेल्या.

त्वचा_डॉक

हो, पहिल्या ते चौथ्या महिन्यात या पुटकुळ्या बऱ्याच जणांना येतात. चार-सहा असतील तर कोमट शेक पुरतो, पसरत असतील, दुखत असतील, पुन्हा पुन्हा येत असतील तर दाखवा. नखाने फोडल्या तर खालचं मूळ दुखावतं.

या निमित्ताने हेही लिहिते, कारण इथे वाचणाऱ्या काहींचं अजून व्हायचंय. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट सूचना काढल्यात की हे काम प्रशिक्षण घेतलेल्या डॉक्टरनेच करायचं, प्लास्टिक सर्जरी किंवा त्वचारोगाचं शिक्षण असलेल्या, तंत्रज्ञ फक्त त्यांच्या देखरेखीखाली मदत करू शकतात, आणि वर्कशॉप किंवा यूट्यूबवर बघून शिकलेलं पुरेसं धरलं जाणार नाही. ज्या ठिकाणी नंतर काही झालं तर नेमका कोणता डॉक्टर बघणार याचं उत्तर मिळत नाही तिथे पैसे भरू नका.

पाऊलवाट (दिवस १३)

खपल्या पूर्ण गेल्या. अकराव्या दिवशी फेस दहा मिनिटं ठेवला आणि पहिल्यांदा बोटं फिरवली, वॉशनंतर बाथरूमच्या जाळीवर खपल्यांचा थर. खाली त्वचा गुलाबी, आणि त्यावर बारीक खुंट उभे, ओळीत लावलेल्या भाताच्या रोपांसारखे. बायको म्हणाली आता फोटो काढूया. सगळ्यांचे मनापासून आभार.

चिंचपोकळी

मस्त. आता एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, हे केस गळणार आहेत. घाबरू नका.

पाऊलवाट (आठवडा ५)

गळतायत. चिंचपोकळी तुम्ही सांगितलं होतं म्हणून टिकलोय नाहीतर वेडा झालो असतो. विसाव्या दिवसापासून सुरू झालं, रोज वॉशला वीस-तीस, आता पुढचा भाग ऑपरेशनच्या आधी होता त्यापेक्षा मोकळा दिसतोय, आणि जुने जे केस होते मधे त्यातले पण काही गेले. दीड लाख खर्च केलेत, घरचे विचारतायत आणि माझ्याकडे उत्तर नाही.

त्वचा_डॉक

उत्तर आहे. लावल्यानंतरच्या धक्क्याने मुळं विश्रांतीच्या अवस्थेत जातात, वरची दांडी सोडून देतात. दुसऱ्या ते आठव्या आठवड्यात हे होतं. विश्रांती साधारण तीन महिन्यांची, मग त्याच मुळातून नवा केस. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात बारीक, वेडेवाकडे, लव असावी तसे केस दिसतील, सहाव्या महिन्यात समोरच्याला फरक कळेल, खरं मोजमाप बाराव्या महिन्यात, आणि टाळूच्या भोवऱ्यापाशी तर पंधरा-अठरा महिने लागू शकतात. आजूबाजूचे जुने केस त्याच धक्क्याने गळलेत, त्यातले बहुतेक परत येतात.

हे केस टिकतात का याचं उत्तर न्यूयॉर्कच्या डॉ. नॉर्मन ऑरेंट्राइक यांनी १९५९ मध्येच मांडलं होतं, मागचा केस पुढे लावला तरी तो मागच्याच स्वभावाने वागतो. पण तुमचे स्वतःचे जे पुढचे-मधले केस आहेत त्यांचा स्वभाव बदललेला नाही, ते विरळ होतच राहतील. म्हणून मिनॉक्सिडिल आणि फिनास्टेराइड या केसगळतीवरच्या औषधांबद्दल सर्जनशी बोला. मिनॉक्सिडिल साधारण दोन ते चार आठवड्यांनी, त्वचा भरल्यावर सुरू करतात. फिनास्टेराइडचे दुष्परिणाम, लैंगिक आणि मनःस्थितीचे सुद्धा, आधी समजून घ्या, आणि घरात कुणी गरोदर असेल तर तुटलेल्या गोळीला त्यांचा हात लागता कामा नये.

सह्यकडा, कोल्हापूर

मी जुना माणूस, माझं २०११ मधलं, तेव्हा मागच्या त्वचेची पट्टी काढून करायचे, एफयूटी. मागे कानापासून कानापर्यंत टाके, बाराव्या दिवशी काढले, मान खाली घातली की ताण यायचा म्हणून महिनाभर बुटाची नाडी मुलगा बांधायचा. ज्यांचं एफयूटी होणार असेल त्यांनी वजन उचलणं आणि वाकणं महिनाभर टाळा नाहीतर व्रण रुंदावतो, माझा एका बाजूला रुंदावलाय, घाईने पाण्याचा कॅन उचलला होता.

पण सांगायचं वेगळंच आहे. तिसऱ्या-चौथ्या महिन्याच्या मधे जो काळ जातो तो सगळ्यात अवघड. आरशासमोर रोज उभं राहू नका. महिन्यातून एकदा, एकाच खिडकीपाशी, एकाच वेळेला फोटो काढा आणि फोन बाजूला ठेवा. मी पहिल्या तारखेला काढायचो.

पाऊलवाट

काका हे आजपासून करतो.

पाऊलवाट (महिना ४)

पहिल्या तारखेचा फोटो. डाव्या कोपऱ्यात लव आलीय, उजव्या बाजूला कमी. हात फिरवला की खरखरतं. पुटकुळ्या पाच-सहा आल्या होत्या, शेकावर गेल्या. सर्जनना विचारलं, पहिल्या आंघोळीला तेल चालेल म्हणाले, वर जोरात चोळायचं नाही एवढंच. तर यंदा दिवाळीला पाटावर बसलो आणि आईने तेल लावलं, मागे नेहमीसारखं आणि पुढे फक्त तळहात ठेवून. चार महिने थांबली होती बिचारी. हात ठेवल्यावर म्हणाली, अरे हे टोचतंय की.

शेवंती_७, लातूर (नवीन सभासद)

सगळा धागा वाचला. माझ्या भावाचं काल झालं, तो एकटा राहतो म्हणून मी आलेय, परवा पहिला वॉश मलाच घरी करायचाय. खूप भीती वाटतेय. आमच्याकडे टँकरचं पाणी आहे.

पाऊलवाट

ताई, पाणी उकळून गार करून ठेवा, चार लिटर पुरेल. तांब्या घ्या, काठ वळलेला असेल तर उत्तम, आणि आधी दोन वेळा नुसत्या तुमच्या स्वतःच्या मनगटावर धार सोडून बघा, धार जाणवली नाही म्हणजे बरोबर. फेस ठेवायचा, चोळायचा नाही. रक्ताचा थेंब दिसला तर घासून पुसू नका, स्वच्छ गॉज सलाईनमध्ये भिजवून पाच मिनिटं नुसतं हलकं दाबून धरा, थांबतं, आणि डॉक्टरांना फोटो पाठवा. उद्या-परवा कपाळ फुगेल, मग डोळे, भावाला आजच सांगून ठेवा. आणि वॉश करताना बोलत राहा त्याच्याशी.